दार लावून बघा

नाही हो साहेब, हसले कुठं मी, माझा चेहराच असा आहे — विचारा बिनधास्त. गाडीत झोपायची सोय करायची, जंगलात जायचं, पाखरं ऐकायची — आणि पाखरांचा त्रास नको म्हणून गाडीला आतून फोम ठोकून घ्यायचा! बरोबरच आहे. हिंजवडीत रोज तास-तासभर हॉर्न ऐकून कान किटले असणार. आमचं काय, आम्हाला कानच नाहीत — हा शेजारच्या शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस सकाळी आठला सुरू होतो, ठण् ठण् ठण्, हंड्यातलं पाणीसुद्धा हलतं — त्यातच ही आमची मिनल झोपते, खाते, दात काढते. दहा महिन्यांची. हो, कडेवरच असते. खाली नाही ठेवत मी तिला.

आमचे हे भोसरीला प्लायवूड आणायला गेलेत. गाड्या ते बनवतात, पडदे-गाद्या मी शिवते, आणि गिऱ्हाईक पळून जाऊ नये म्हणून चहा पाजायचं कामही माझंच. जाताना बजावून गेलेत, दीक्षा, साहेबांना आवाजबंद करायला तयार कर, मोठं काम आहे. मी सातवी शिकलेली, ते डेसिबल-बिसिबल मला विचारू नका. पत्र्याला काळी चिकट शीट, त्यावर फोम, त्यावर कापड — झाली गाडी मुकी. मघाशी तुम्ही बाळाचा फोटो दाखवलात — गोड आहे. म्हणजे बाळ आत झोपणार, तुम्ही दोघं बाहेर शेकोटीला बसणार, आणि झोपमोड नको म्हणून दार लावून घेणार. किती विचार करता लेकराचा!

बघायचंय? ही पांढरी तयार आहे, परवा मालक न्यायला येतील. बसा आत. आतला खटका अजून बसवायचाय, पण घाबरू नका, मी आहे ना बाहेर. लावू? लावते.

साहेब, ऐकू येतंय? — साहेब, तुमचा शर्ट पाठीत उसवलाय! — छान. काचेतून अंगठा दाखवताय.

मग ऐका आता. मागच्या महिन्यात हिचे दात येत होते. तीन दिवस रडत होती, आणि बाजूला तो प्रेस. दुपारी मी तिला ह्याच गाडीत ठेवलं, ह्याच गादीवर. पडदा ओढला, दार लावलं. यांना सांगितलं, वाऱ्यानं लागलं — एवढं जड दार वाऱ्यानं लागतं होय? पण मानलं त्यांनी. मी लावलं, साहेब. या हातानं. पाच मिनिटं, म्हटलं. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं — रडणं नाही, काही नाही, प्रेससुद्धा गोड वाटायला लागला. गरम चहा प्यायले. एक पडदा शिवला. मग दुसराही घेतला शिवायला — हेच, हेच मला झोपू देत नाही — झोपली असेल, म्हटलं. दार उघडलं तर घामानं चिंब, लालबुंद, दाराजवळ सरकत आलेली. तोंड उघडं, पण आवाज नाही. रडून रडून आवाजच गेला होता. दोन दिवसांनी रडली तेव्हा मी पेढे वाटायची बाकी होते. तुम्ही अजून अंगठाच दाखवताय का?

उघडते, उघडते.

काय म्हणता, एकदम शांत? मी नुसती ओरडताना दिसत होते? शब्दही ऐकू आला नाही? — मग नाही करायचं. नाही म्हणजे नाही, आमच्याकडं होणार नाही. गाद्या देते, पडदे देते, हवे तर झालरीचे देते, फोम नाही. हे आल्यावर काय सांगायचं ते माझं मी बघते — आता वाऱ्यावर नाही ढकलता येणार. चहा राहू द्या तो, गार झालाय. उतरा खाली, मला दार लावायचंय — नाही, उघडंच ठेवायचंय. आणि का म्हणून काय विचारता, साहेब? आत्ताच तर सांगितलं सगळं.