चढावरचे नवे प्लग

मी मूळची डहाणूकडची, समुद्राच्या अंगाची, माझा बाप वाडीत नारळ उतरवायचा नि आई बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि लग्न पण तिथलंच, लेक पण तिथंच झाली, कुसुम, ती माझा हात धरून चालायला लागली नि थोडी मोठी झाली तेव्हा आमी इकडे सिल्वासाला आलो. फिरंगी, म्हंजे पोर्तुगीज, जाऊन फार दिवस झाले नव्हते. गाव म्हंजे काय सांगू तुमाला, एक रस्ता, चर्च, थोडी दुकानं, नि बाकी सगळं सागाचं रान. मला रडू यायचं, ताजी मासळी नाय, समुद्राचा वारा नाय, पण आमचे हे बोलले, इथं गाडीवाला कोण नाय, आपलं चालेल, नि खरंच चाललं.

यांची गाडी होती, जुनी विलायती, दमणच्या एका व्यापाऱ्यानं वापरून वापरून टाकलेली. हे ती वापीच्या टेसनवर लावायचे, मुंबईहून साहेब लोक यायचे, मास्तर यायचे, कचेरीतले कारकून यायचे, सगळ्यांना आणायचे. ती माणसं एकटी यायची, बायकापोरं मागे ठेवून, मंग जेवणार कुठे, म्हणून मी खानावळ घातली, घरातच, ओसरीवर पाट मांडून. कोकणातले मास्तर माझ्या हातचं आंबट वरण खाऊन गप्प व्हायचे, घर आठवायचं त्यांना. मी बोलायचे, मास्तर, मुकाट जेवा, रडायचं असेल तर भात झाल्यावर रडा. माझी जीभ तेव्हापासून अशीच हाय, तुमी वाईट वाटून घेऊ नका.

तर गाडीचं सांगत होते. तुमी ते प्लगचं विचारलंत ना मघाशी, की नवे भारी प्लग घातले की गाडीची ताकद वाढते का, त्याचं उत्तर मला द्यायचं हाय पण ते असं एका शब्दात देता येत नाय, थांबा जरा. आमची गाडी तेल प्यायची. इंजिन आतून झिजलं होतं, मंग तेल वर चढायचं नि प्लगवर काळं बसायचं, काळं बसलं की ठिणगी पडत नाय, गाडी खोकते, धक्के देते, बंद पडते. म्हणून हे सकाळी प्लग काढून घरात आणायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, नि माझ्या चुलीत निखाऱ्याच्या कडेला तापवायला ठेवायचे, तेल जळून जायला. मी भाकरी टाकतेय नि बाजूला प्लग. मी बोलायचे, तुमच्या गाडीची न्याहारी झाली, आता तुमी जेवा. हसायचे हे. फार हसरा माणूस होता तो तेव्हा, तुमाला आता सांगून पटायचं नाय.

कुसुमला आमी जव्हारकडे दिली. माणसं बरी, शेत, घर, सगळं नीट, पण गाव डोंगरावर, दवाखाना लांब. लेक निघाली तेव्हा रडून रडून तिला घास जाईना, तर हे तिला बोलले, तू कशाला रडतेस, तुझ्या बापाकडे गाडी हाय, पहिल्या बाळंतपणाला मी माझ्या गाडीतून घेऊन येईन, राणीसारखी बसून ये. सगळ्यांच्या समोर बोलले. तिची सासू पण बोलली, बरं हाय बाई, आमच्या गावात पहिली सून जी मोटारनं माहेरी जाणार.

मंग सांगावा आला, कुसुमला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, नि सातव्यात ओटी भरून आणायचं, आठव्यात प्रवास करायचा नाय, आठवा वाईट, गर्भार बाईनं आठव्यात उंबऱ्याबाहेर दूर जायचं नाय. हे मी पण मानायचे, माझ्या आईनं मानलं, सगळ्यांनी मानलं. म्हणजे आणायचं ते सातव्यातच. आणि नेमकी त्याच वेळी गाडी अगदी जीव टाकायला लागली. सपाटीवर वापीला जायची कशीतरी, पण जव्हारच्या वाटेवरचा, खानवेलच्या पुढचा चढ तिला एका दमात झेपेना. प्लग घासून घासून हे दमले.

आमच्या खानावळीत एक सामंत म्हणून जेवायला होते, मुंबईचे, कचेरीत कारकून, भला माणूस. त्यांचे भाऊजी तिकडे मोटारीच्या कामात. ते बोलले, अहो हे घासणं सोडा, आता नवे प्लग आलेत, जास्त गरम चालतात, तेल बसलं की जाळून टाकतात, काळे होतच नाहीत, गाडीची ताकद दुप्पट वाटेल, मी सुट्टीला जाईन तेव्हा घेऊन येतो. यांचे डोळे असे चमकले बघा. मी बोलले, अहो, म्हाताऱ्याला नवा सदरा घातला म्हणून तो काय तरुण होतो? हे बोलले, तुला कळत नाय. खरं होतं, मला काय कळत होतं, मी आपली बोलले. मी हे पण बोलले की बसनं आणू या पोरीला, खानवेलला बस येते, पुढे बैलगाडी बघू. तर हे बोलले, शब्द दिलाय मी.

सामंतांची सुट्टी लांबली. सातवा सरत आला. मी देवाला हात जोडत होते, नि एकदाचे ते प्लग आले, कागदात गुंडाळलेले, पांढरेशुभ्र. यांनी ते बसवले नि वापीला जाऊन आले, नि काय सांगू तुमाला, गाडी अशी गेली, खोकली नाय, धक्का नाय, एका किल्लीत चालू. सामंतांना बसवून फिरवलं, मास्तरांना फिरवलं, मला पण नदीपर्यंत नेलं राखोलीला, मी केसात फूल माळून बसले होते. मला पण वाटलं, झालं, गाडी बरी झाली. खोटं कशाला बोलू, मी पण भुलले.

सातव्याचा शेवटचा दिवस होता तो. आमी सकाळी निघालो, लाडूचा डबा, नारळ, तांदूळ, ओटीचं सामान, पोरीला झोपायला मऊ गोधडी, सगळं मागे भरलेलं. खानवेल गेलं, चढ लागला. आता हे नीट ऐका. जुन्या प्लगांवर गाडी चढाला लागली की खोकायची, मंग हे थांबवायचे, बॉनेट उघडायचे, प्लग पुसायचे, बिडी ओढायचे, पाणी घालायचे, मंग पुढे. गाडीच थांबायला लावायची. त्या दिवशी गाडी थांबायलाच लावीना. वर वर चढतच गेली. आतून ठकठक आवाज येत होता, बारीक, मी बोलले, हे काय वाजतं, तर हे बोलले, ओढतेय ती, ऐक कशी ओढतेय. चेहरा असा फुललेला. नि मंग एकदम फाटल्यासारखा आवाज झाला, निळा धूर, नि गाडी उभी राहिली ती राहिलीच. यांनी प्लग काढून बघितले. एक प्लग बराच वेळ हातात धरून बसले. मी विचारलं, काय झालं? बोलले, काय नाय, तापलीय.

लाकडाच्या एका ट्रकवाल्यानं आमाला पुढे सोडलं. पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. पोर दारात उभी. नवं लुगडं नेसलेली, केस विंचरून, ट्रंक उंबऱ्याशी ठेवलेली, सकाळपासून जेवली पण नव्हती, बाबा आले की लगेच निघायचं म्हणून. यांच्या मागे रस्त्याकडे बघत होती, गाडी कुठे म्हणून. हे हात मागे लपवत होते, काळे झालेले हात. सासू बोलली, व्याही, आता दिवेलागण झाली, या वेळेला लेक घराबाहेर काढत नाय, नि उद्या आठवा लागतो. आता नवव्यातच या. तिच्या जागी मी असते तर मी पण तेच बोलले असते. वाईट बाई नव्हती ती, आमाला वाढलं, झोपायला जागा दिली. कुसुमनं ट्रंक आपणच उचलली नि आत नेली, मी धावले तर बोलली, आई असू दे, जड नाय. सकाळी निघताना ती यांना बोलली, बाबा, नवव्यात बसनंच या हां, मी येईन बसनं, मला काय लाज नाय त्याची. हे मान खाली घालून हो बोलले.

नववा आलाच नाय. आठव्यातच तिला कळा आल्या, सुईण होती, पण रक्त थांबेना, डोलीत घालून निघाले होते दवाखान्याकडे, वाटेतच संपलं. मूल जगलं. एवढीशी पोर, कापसात गुंडाळलेली. तिच्या सासूनं माझ्या पदरात घातली नि माझ्या गळ्यात पडून रडली, बोलली, मी पाठवायला पाहिजे होती, मी आठवा महिना बघत बसले. मी तिचे डोळे पुसले. माझी लेक माहेरी यायची होती, तर तिच्या जागी मी तिची लेक घेऊन आले, बसनं.

गाडी आमी ओढून वापीला कांतिभाई मिस्त्रींकडे नेलेली. एक दिवस मी बाळाच्या दुधाच्या डब्यासाठी वापीला गेले तर त्यांनी मला बोलावलं, इंजिन उघडून ठेवलेलं, पिस्टनला मधोमध भोक. बोलले, बेन, हे प्लग सपाट रस्त्याला चालतात, चढावर एवढ्या वजनाला नाय, फार गरम पडतात, आतलं सगळं वितळवतात. जुनेच घासून गेले असते ना, थांबत थांबत, तरी वर पोचले असते. मी हात जोडले, बोलले, भाई, एवढं करा, यांना हे सांगू नका, यांना सांगा की इंजिनच मेलं होतं, कुठलेही प्लग असते तरी त्या चढावर तुटलंच असतं. कांतिभाईंनी डोळे पुसले नि हो बोलले, नि तसंच सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मला वाटलं, देवा, एक तरी काटा काढला.

सामंत जेवायला यायचे बंद झाले. मी डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, बोलले, सामंत, तुमी काय विष आणलं होतं काय, चला जेवायला. आले, पाटावर बसले, पण घास तोंडात नि डोळ्यांतून पाणी. मंग बदली मागून मुंबईला गेले. त्यांचा काय दोष हो, त्यांनी चांगलंच बघितलं होतं.

यांनी गाडी परत आणली नाय. भंगारात गेली. पुढे राखोलीला कारखाने आले, तिथं हे फाटकावर राखणदार राहिले. आमची नात, मंदा, ती यांच्याच अंगाखांद्यावर वाढली, तिला शाळेत पायी न्यायचे, कुणी स्कूटरवर घेतो बोललं तरी नको बोलायचे. हसणं मात्र गेलं. मी कधी विचारलं नाय, त्यांनी कधी काढलं नाय.

हे जायच्या आधी आजारी होते, एका दुपारी मी पेज भरवत होते, तर एकदम बोलले, तू कांतिभाईला सांगून ठेवलं होतंस ना? मी बोलले, काय? बोलले, चढावर मी तो प्लग काढला तेव्हाच मला कळलं, त्याचं टोक वितळून गेलं होतं. मी गाडी चालवणारा माणूस, मला नाय कळणार? पण कांतिभाई खोटं बोलला तेव्हा तू दारात उभी होतीस, तुझं तोंड मी बघितलं, तुला बरं वाटत होतं, म्हणून मी हो बोललो. आता तुमीच सांगा. मला वाटायचं मी यांना सांभाळतेय, नि हे मला सांभाळत होते. एवढी वर्षं एका घरात राहून आमी दोघं आपापल्या कोपऱ्यात वेगवेगळे रडलो. एकदा तरी जवळ बसून रडायला पाहिजे होतं. त्याचंच मला जास्त दुःख होतं, लेकीच्या खालोखाल.

तर तुमच्या प्लगचं उत्तर हे. इंजिनात जेवढी ताकद असते तेवढीच प्लग देतो, काळ्या प्लगानं गेलेली थोडी परत आणतो, पण इंजिनातच नाय ती कुठून आणणार. मला विचारता म्हणून सांगते, मी काय त्यातली नाय.

आता इथं सिल्वासातच डोकमर्डीला राहते मी, खानावळ बंद केली, गुडघे चालत नाय. मंदाचं लग्न झालं, भिलाडला दिलीय, तिला पण दिवस गेले. सातव्यात आणायचं तर तिच्या घरात आजारपण, ते राहून गेलं. मंग आठवा लागल्यावर मी स्वतः गेले भिलाडला. विहीणबाई बोलल्या, आजी, आठव्यात कसं पाठवू? मी बोलले, बाई, तुमचा मान मोठा, तुमच्या पाया पडते, पण महिना मी बघायची नाय, माझी पोर द्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नि मंदाची पिशवी भरून दिली हो.

ती बघा, आतल्या खोलीत झोपलीय. जरा हळू बोला. नि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, तुमच्या घरच्या लेकी पण सुखरूप येऊ देत, कुठल्याही महिन्यात, कशानं पण.