परीक्षेला नेलेलं तोंड

राजेश्वरी : आई, आता तरी पदर काढा की तोंडावरचा! सुदुंबऱ्यातनं निघाल्यापासून गुंडाळून बसलाय. मला वाटलं, रस्त्याच्या धुळीचं. आता वडगाव आलं, पार्लरच्या कोर्सचा वर्ग समोर दिसतोय. काढा!

सरुबाई : काडते गं. तुला एकदमच दावायचं हुतं. हां, बघ आता! हाय का न्हाई चकाचक?

राजेश्वरी : आई! हे काय केलंत? लालबुंद झालंय सगळं. गालावरची तर सालपटं निघालीत.

सरुबाई : आगं, मळ निगाला की लाली येतीच. सगळी निजल्याली तवाच मोरीत जाऊन बसले. मीठ घेतलं, वर लिंबू पिळलं, आन् वजरीनं आसं घासलं म्हनतीस...

राजेश्वरी : वजरीनं? टाचा घासायच्या वजरीनं?

सरुबाई : कोरी हाय ती! बाजारातनं आनल्याली, टाचंला आजून लावली बी न्हाई. येवडं कळतं मला. सून परीक्षेला सासूचं तोंड घिऊन चालली, आन् ते काय शेनामातीचं न्यायचं? तुजी मास्तरीन म्हनली आसती, हितं सासू आंघोळ न घालताच आनली!

राजेश्वरी : आहो, पण चेहरा स्क्रब करायचीच तर परीक्षा आहे माझी!

सरुबाई : मंग झालं की निम्मं काम!

राजेश्वरी : हसू का रडू, सांगा मला. आहो, वरची मेलेली कातडी तेवढी काढायची असती. तुमी जिती काढून बसला. जळजळतंय का?

सरुबाई : न्हाई.

राजेश्वरी : खरं सांगा.

सरुबाई : रिक्षात वारं लागलं तवा डोळ्यात पानीच आलं बग. पर म्हनलं आसंल, सुंदर व्हायाचं म्हंजी सोसावं लागतं.

राजेश्वरी : शेजारची पिंकी येणार होती मॉडेल म्हणून, तिला नेमकी कंपनीनं सुट्टी दिली नाही...

सरुबाई : आन् मी आले त्ये चुकलं का माजं? तू कोर्स लावलास तवा मीच म्हनले हुते, लोकांची थोबाडं घासायला कशाला शिकायचं. आन् आता पघ, मलाच झोप न्हाई रातभर. सगळ्या आळीत सांगून आले, राजीच्या परीक्षेत मीच हाय म्हनून!

राजेश्वरी : चला आत. नाव पुकारलं आपलं.

(वर्गात आरशापुढच्या खुर्चीत सरुबाई ताठ बसल्या आहेत. परीक्षक मानसी मॅडम शेजारी उभ्या. राजेश्वरीच्या हातात स्क्रबची डबी, झाकण अजून लावलेलंच.)

मानसी : घ्या, सुरू करा राजेश्वरी.

राजेश्वरी : मॅडम, आज या चेहऱ्यावर स्क्रब करता येणार नाही.

मानसी : म्हणजे? प्रॅक्टिकल त्याचंच आहे.

राजेश्वरी : त्वचा सोललीय, मॅडम. मीठ, लिंबू आणि वजरी. यावर आणखी कण चोळले तर जखम होईल, मागाहून काळे डाग पडतील. गार पाण्याची पट्टी आणि साधं, बिनवासाचं क्रीम, एवढंच लावेन मी. आणि बरं होईपर्यंत ऊन नाही, चुलीची धग नाही.

सरुबाई : म्याडम, चूक माजी हाय, तिला बोलू नगा. राजे, घास तू! मी हूं की चूं करनार न्हाई. चार बाळंतपनं काडलीत म्या, ह्ये काय घिऊन बसलीस!

राजेश्वरी : नाही आई.

मानसी : राजेश्वरी, तुमचं पटतंय मला. पण काम बघितल्याशिवाय पास कसं करू? मग तुम्हाला दिवाळीनंतरच्या बॅचला बसावं लागेल.

सरुबाई : दिवाळीनंतर? अगं, वसरीतली खोली रंगवून झालीया! माज्या सुहासनं तुज्या पार्लरची पाटी बी लावली. घास गं बाई, सासू सांगती म्हनून घास!

राजेश्वरी : पाटी राहू दे तशीच. उद्या त्या खोलीत असंच लाल तोंड घेऊन कुणी आलं आणि घासच म्हणालं, तर मला नाहीच म्हणायचंय. मग घरच्या माणसाला कसं घासू?

मानसी : बरं, तोंडी सांगा. चेहरा चांगला असता तर काय केलं असतं?

राजेश्वरी : आधी कानामागं थोडं लावून थांबले असते, खाज-जळजळ येत नाही ना बघायला. मग चेहरा धुऊन, ओला असतानाच, बोटांच्या टोकांनी गोल गोल. जोर अजिबात नाही, डोळ्यांच्या जवळ नाही. अर्धा-एक मिनिट, बास. कोमट पाण्यानं धुवायचं, टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. वर क्रीम, आणि बाहेर पडायचं तर सनस्क्रीन. आठवड्यातनं एकदा पुरे. कातडी नाजूक असली तर त्याहून कमी.

मानसी : बोलता छान. हात बघायचेत मला तुमचे. सरुबाई, उठा बरं खुर्चीतून.

सरुबाई : पाया पडते म्याडम, आसं उठवू नगा...

मानसी : अहो, मला बसायचंय! राजेश्वरी, माझे केस बांधून घ्या.

राजेश्वरी : तुमच्या... तुमच्या चेहऱ्यावर, मॅडम?

मानसी : मग! सकाळपासून बघतेय, सगळ्या आधी डबी उघडतात आणि मग चेहऱ्याकडे बघतात. तुम्ही आधी बघितलंत.

सरुबाई : आगं बाई, आगं बाई! राजे, हात धू आदी! नखं बघू तुजी!

राजेश्वरी : कापलीत, आई. मॅडम, रात्री कसलं क्रीम लावता? पुरळ घालवायचं वगैरे? कशानं अंगावर उठतं का तुमच्या?

सरुबाई : कप्पाळ माजं! आता ही म्याडमचीच परीक्षा घ्याया लागली!

मानसी : घेऊ द्या. क्रीम नाही, आणि काही उठत नाही.

राजेश्वरी : मग कानामागं लावते आधी. थांबू थोडा वेळ... काही होतंय?

मानसी : काही नाही. गार वाटतंय.

राजेश्वरी : आता डोळे मिटा, मॅडम. जरा जरी चुरचुरलं तरी लगेच सांगा.

सरुबाई : मिटा म्याडम, बिनघोर मिटा. भर परीक्षेत सासूला न्हाई म्हनल्याली हाय ती.