फळ्यावरचे दोन शब्द

ताई : अरे, मी येईपर्यंत खडू लावायचा नाही म्हणून निक्षून सांगितलं होतं ना!

धाकटा : हळू बोल. आई आत घड्या घालतेय.

ताई : जुन्या कपाटाचं दार दोन शनिवार पॉलिश पेपरने घासलं. फरशीच्या सांध्यात भरायची उरलेली पावडर काळ्या रंगात कालवून तीन हात दिले. मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांची चौकट केली. कशासाठी? तर आईला वार, तारीख, घरात कोण आहे ते दिसावं. आणि तू पहिल्यांदा काय लिहिलंस? ‘बाबा वारले’!

धाकटा : पुसून टाक. खडूच आहे.

ताई : तीनदा ओल्या फडक्याने पुसलं. वाळलं की अक्षरं परत वर येतात. शाळेत तुझं लिहिलेलं कुणाला वाचता यायचं नाही, आता पुसलं जात नाही.

धाकटा : असं कसं?

ताई : नव्या फळ्याला बारीक छिद्रं असतात. आधी आडव्या खडूने सगळा पांढरा करायचा, पुसायचा, मगच लिहायचं. नाहीतर पहिलं लिहिलेलं आत बसतं. तशी चिठ्ठी लावली होती मी.

धाकटा : या घरात गॅसवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, गोळ्यांवर चिठ्ठी. मी वाचणं सोडलंय, ताई.

ताई : पण हे का लिहिलंस?

धाकटा : काल नऊ वेळा विचारलं, “हे कुठे गेलेत?” आठ वेळा “येतील” म्हणालो. नवव्यांदा गप्प बसलो, तर अनवाणी पायऱ्यांवर जाऊन बसली. दोन तास. वाट बघत. म्हटलं, एकदाच वाचू दे. मला तोंडाने सांगवत नाही.

ताई : एकदाच? उद्या विसरेल आणि पुन्हा वाचेल. परवा पुन्हा. रोज नव्याने विधवा होईल रे ती.

धाकटा : तू शनिवारी येतेस, फळा रंगवतेस. उरलेले सहा दिवस मी खोटं बोलतो. आता तेवढंही त्राण नाही माझ्यात.

ताई : ...घासते परत. चादर दे, तोवर झाकू.

(आई दारात येऊन उभी राहते. हातात घडी घातलेला पुरुषी शर्ट.)

आई : काय लिहिलंय ते? बाबा... वारले?

ताई : आई, तू आधी बस बघू.

आई : कधी?

धाकटा : तीन महिने झाले, आई.

आई : तीन महिने! माझे बाबा गेले आणि मला फळ्यावर वाचायला लागतं?

ताई : तुझे...?

धाकटा : ताई, तिला आजोबा वाटतायत. आपले बाबा तिचे ‘हे’ ना.

आई : काय कुजबुजताय?

ताई : काही नाही. हो आई, तुझेच बाबा.

आई : शेवटी कुणी होतं का त्यांच्याजवळ?

धाकटा : मी होतो. हात धरून बसलो होतो.

आई : शहाणा आहेस. अरे, रडतोस काय असा? तूही, गं? डोळे पुसा आणि आधी ह्यांना फोन लावा. काही सांगू नका, नुसतं या म्हणावं. हे आले की मग रडेन मी.