शेवंताचा जबाब

मपलं गाव वडवणी आन् तेलगावच्या मधात, गावाचं नाव लिवू नका, तेवढं पथ्य पाळा. एसटीतून उतरलं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड दिसतं ती माझी खानावळ, आन् खानावळीच्या मागं दोन खोल्या, ते माझं घर. माझं नाव किसन. बाप लग्नाकार्यात सैपाकाला जायचा, मोठाल्या कढया, आख्ख्या गावाची बुंदी एकटा पाडायचा, त्याच्या मागं हिंडून हिंडून मी शिकलो. शाळा चौथीपतूर. मास्तरनं इनाकारन मारलं, म्या पाटी तितंच ठिवली आन् घरी आलो, बाप म्हनला बरं झालं, कांदे सोल. लहानपनापासून डोकं आसंच हाय माझं, तापलं की तापलं, म्हनून आगूदरच सांगतो, मधी टोकू नका, टोकलं की मी काय सांगत व्हतो तेच इसरतो.

लग्न झाल्यावर खानावळ टाकली. शेवंता, मपली बायकू, भाकरी थापायची आन् मी रस्सा करायचो. काय सांगू तुमाला, लोक तिच्या भाकरीला येत, माझ्या रश्श्याला न्हाई, हे मी आता कबूल करतो, ती जित्ती व्हती तवा कधी केलं न्हाई. ती गेली तवा काविळीचं निमित्त झालं, बीडच्या दवाखान्यात नेली, तिकडंच गेली. त्याच्यानंतर रोड मोठा झाला, गाड्या वाढल्या, पन गिऱ्हाइक दारात येऊन पहिलं इचारायचं, मालक, बसायची सोय हाय का? बसायची म्हंजे प्यायची. न्हाई म्हनलं की गाडीचं दार लावून फुडं. मटन शिजवून ठिवावं आन् सांच्याला आपनच खावं, किती दिवस खावं मानसानं? माझा पोरगा चाकनला कंपनीत हाय, सून बी तिकडंच. तो म्हनला, दादा, परमिट रूम काढा, मी नोकरी सोडून गावाकडं येतो, तुमी नुसतं गल्ल्यावर बसा. पोरगं येतो म्हनलं! सून, नातू, घर भरलं आसतं. त्याच्यासाठी पडलो मी त्या परवान्याच्या मागं, दारूच्या नादानं न्हाई, म्या आजपतूर थेंब चाखलेला न्हाई.

आन् ती फाईल! आरं बापरं. आदी खानावळीचा अन्नाचा परवाना, मंग जागेचा उतारा, मंग इंजिनेरचा नकाशा, त्याच्यात काउंटर कुठं, बाटल्या ठिवायची खोली कुठं, बाप्यांची मुतारी कुठं, बायांची कुठं. म्या म्हनलं साहेब, आमच्या गावात कोनती बाई दारू प्यायला येनार हाय? म्हनला, येवो न येवो, नकाशात पायजे. मंग पोलिसांचा दाखला, की ह्या मानसावर गुन्हा न्हाई. मंग अंतर. शाळा किती लांब, देऊळ किती लांब, मशीद किती लांब, दोघं जन टेप धरून भर उन्हात माझ्या दारापासून शाळंच्या दारापतूर मोजीत गेले, पोरं खिडकीतून बघत्यात, बाई बघती, मला लाज आली, खरं सांगतो. पन अंतर बसलं. सगळं बसलं. राहिला एक कागद, बायांच्या ग्रामसभेचा ठराव, की ह्या दुकानाला आमची हरकत न्हाई.

आता ग्रामसभा आमच्याकडं कशी व्हती ते तुमाला मालूम नसंन. सभा व्हती कागदावर. बाया कापूस येचाया जानार का सभेला येनार? ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, सही न्हाई तर अंगठा, झाली सभा. माझ्यासाठी काय येगळं केलं न्हाई, नळाची सभा आशीच, रोडची सभा आशीच. मी संगं फिरलो. कुनी हासून दिला अंगठा, कुनी तोंड वाकडं करून दिला, कुनी मला बघून दार लावून घेतलं. जितक्या बायांची नावं लागत व्हती त्याला एक कमी पडलं. एकच. ग्रामसेवक माझ्याच खानावळीत जेवत व्हता, मतदार यादी ताटाच्या बाजूला, म्हनला, किसनदादा, ही शेवंता किसन कोन? म्या म्हनलं, मपली बायकू, वारली ती, तुमी नवीन हाय, तुमाला म्हाईत न्हाई. म्हनला, यादीत तर हाय. आसनारच की, नाव कमी करायला कोन काम बुडवून तालुक्याला जातंय, माझ्या बापाचं नाव तर पोरगा मतदान करायला लागला तरी व्हतं. तो माझ्याकडं बघंना, मी त्याच्याकडं बघंना. शाईचं पॅड टेबलावर पडलेलं. शेवंताला सही येत न्हवती, अंगठाच द्यायची. म्या मपला अंगठा पॅडवर दाबला आन् तिच्या नावाफुडं उमटवला. झाला ठराव. ग्रामसेवकानं राहिलेला भात कालवला आन् खाल्ला.

ती शाई बगा, निघंना. साबन लावला, राकेल लावलं, लिंबू चोळलं. दिवसभर हात पान्यात आन् मसाल्यात, तरी आठ दिवस काळा अंगठा घेऊन फिरलो. मी देवभोळा न्हाई, पन त्या हातानं घास तोंडात घालू वाटंना, खानावळीचा मालक आसून चमच्यानं जेवलो. मंग फाईल गेली बीडला आन् शाई बी गेली, मला वाटलं संपलं.

महिन्याभरानं बीडच्या दारू परवान्याच्या हापिसातून बलावनं आलं. क्लार्क भला मानूस, चष्मा वर करून म्हनला, किसनराव, अडचन झाली. ठराव खरा हाय का बघायला आमचा जमादार तुमच्या गावाला गेलता, यादीतल्या चार-पाच बायांचे जबाब घेतले, बाकी सगळ्या हरकत न्हाई म्हनल्या, तुमची बायकूच हरकत हाय म्हनली. म्या म्हनलं, कोन? म्हनला, शेवंताबाई, दुसरी हाय का कुनी? मी तितं फरशीवर बसलो. म्या म्हनलं, वाचा. त्यानं वाचलं, ते मला आजून पाठ हाय. मी शेवंता किसन, राहणार मजकूर, धंदा घरकाम, समक्ष विचारल्यावरून सांगते की, ठरावावरील अंगठा माझा नाही, तो माझ्या मालकांनी दिला आहे. तू आहेस तोवर दारू ठेवणार नाही, असे मालकांनी मला दवाखान्यात सांगितले होते. मी आहे. माझी हरकत आहे.

थांबा, सांगतो. शेवंताचा धाकला भाऊ दारू पिऊन हिरीत पडला, तिनं स्वता दोर धरून काढला त्याला, तवापासून तिला दारूचा वास बी सोसत न्हवता. पोरगं तवाबी परमिट रूम परमिट रूम करीत व्हतं, ते तिनं ऐकलतं. शेवटच्या दिवशी दुपारी खाटंवर पडल्या पडल्या मला म्हनली, तुमी दारू ठिवताल, मला म्हाईत हाय. म्या तिचा हात धरला आन् म्हनलं, येडे, तू हाय तवर न्हाई ठिवायचो. डॉक्टरनं मला सकाळीच सांगितलतं की आजचा दिवस बी जायचा न्हाई. म्हंजे मी मरत्या बायकूशी चलाखी केली, दुसरं काय म्हनावं त्याला? ती लई येळ माझ्याकडं बघत राहिली. तितं पोरगा न्हवता, नर्स न्हवती, बाजूच्या खाटा खाली व्हत्या. ही गोष्ट म्या कुनालाच सांगितली न्हाई, सख्ख्या बहिनीला न्हाई, पोराला न्हाई. मंग जमादारला कुनी सांगितली?

क्लार्कला वाटलं नवरा-बायकूचं भांडन हाय. हासला आन् म्हनला, समजूत काढा, घेऊन या त्यांना, जबाब मागं घेतला की तुमचं काम झालं. आता तुमीच सांगा, मी काय करावं? मेली म्हनून दाखला दावावा तर अंगठा कुनाचा, ठराव खोटा, गुन्हा माझ्यावर. जित्ती म्हनावी तर तिची हरकत. दोन दिवस भाजी खारट करीत व्हतो. पोराला फोन केला, जबाब आलाय एवढंच सांगितलं, दवाखान्याचं न्हाई. तो म्हनला, दादा, कायतरी चुकीनं लिवलं आसंन, कावून एवढं मनावर घेता, आक्काला घेऊन जा आन् मोकळे व्हा.

आक्का म्हंजे माझी थोरली बहीन केसर, गावातच आसती, रंडकी हाय. तिला म्या सांगितलं, डोक्यावरून पदर घ्यायचा, नाव शेवंता सांगायचं, हरकत न्हाई म्हनायचं, अंगठा द्यायचा. मुडद्या, म्हनली, मेलेल्या बाईचं नाव सांगू व्हय मी? लई शिव्या दिल्या. मंग म्या पोरगं येनार म्हनलं, तशी तयार झाली, आमी दोघं खानावळीत आसायचो, तिनंच वाढवलेलं पोरगं ते. तिच्याकडं हापिसात जायजोगं लुगडं न्हवतं म्हनून म्या शेवंताची पेटी उघडली. हिरवं लुगडं, कंगोऱ्याचं, ती गेल्यापासून पेटीला कुलूपच व्हतं, डांबरगोळीचा वास येत व्हता.

गेलो. क्लार्कनं कागद काढला, इचारलं, बाई, नाव काय तुमचं? आक्का म्हनली, शेवंता किसन. बाजूच्या टेबलाला एक पिकल्या मिशाचा मानूस च्या पीत व्हता, त्यानं मान वर केली. तोच जमादार. म्हनला, साहेब, ही ती बाई न्हाई. क्लार्क म्हनला, आरं नीट बघ. म्हनला, काय बघायचं, मी आर्धा तास समोर बसलोतो, ती बारीक अंगाची, डाव्या कानाची पाळी फाटलेली, उंबऱ्यात बसून बोलली, मालक बीडला गेलेत म्हनली, मला तांब्याभर पानी दिलं, उन्हाचं कावून फिरता, जेवून जा म्हनली. मंग आक्काकडं बोट करून म्हनला, लुगडं मात्र हेच व्हतं.

शेवंताची डावी पाळी वासरानं मान झटकली तवा फाटलती. आन् जबाबावर जी तारीख व्हती त्या दिवशी मी बीडलाच व्हतो, ह्याच फायलीपायी. घराला कुलूप व्हतं. चावी माझ्या करदोट्याला. सांच्याला आलो तवा तांब्या उंबऱ्यावर पालथा व्हता, म्या म्हनलं मांजरानं पाडला आसंल, आन् उचलून ठिवला.

आक्कानं पदराचा बोळा करून तोंडात घातला. क्लार्कचा चेहरा बदलला, म्हनला, किसनराव, हे काय चाललंय? भ्या वाटलं का म्हनताल तर वाटलं, खोटं कशाला बोलू, पन त्याच्याहून जास्त शरम वाटली. ती बाई भर उन्हाच्या येळी माझ्या दारात बसून परक्या मानसाला जेवून जा म्हनती, आन् मी तिचा अंगठा इकतो. म्या क्लार्कफुडं हात जोडले, म्हनलं, साहेब, चुकलो, अर्ज मागं घेतो. त्यानं कागद फुडं सरकवला, म्हनला, ह्याच्यात कारन लिवा. म्या म्हनलं, तुमीच लिवा, घरातून हरकत हाय. त्यानं लिवलं, म्या सही केली. निघताना जमादार दारापतूर आला, हळूच म्हनला, बाई बऱ्या हायेत ना? म्या म्हनलं, व्हय.

पोराला म्या सगळं सांगितलं, दवाखान्यातलं बी सांगितलं. तो आदी हासला, मंग चिडला, म्हनला, दादा, तुमाला मी यायलाच नको हाय. तसं कसं आसंल हो? पन कुनाला काय पटवून द्यावं. चार महिने बोलला न्हाई. आता बोलतो, सनाला येतो, पन तिकडंच घर बघितलंय त्यानं, आता गावाकडं यायचा न्हाई तो. नातू माझ्याशी अर्धं हिंदी बोलतो. हे मला लई लागलंय, ह्याला औषध न्हाई. खानावळ चालू हाय, सकाळी पोहे, मंग पिठलं-भाकरी, मटन फकस्त बाजाराच्या दिवशी. बसायची सोय हाय का म्हनून आजून इचारत्यात. म्या म्हनतो, जेवायची हाय.

मागं इलेक्शनला चिठ्ठ्या वाटनारे आले, माझ्या घरची चार नावं वाचली, मी, पोरगा, सून आन् ती. वाटनारा गावातलाच, म्हनला, काकूचं नाव कमी करायचा फारम आनू का? म्या त्याच्या हातातनं चिठ्ठी घेतली, म्हनलं, राहू दे, तुझं काय जातंय? आक्का म्हनती, शांती कर, बामन बलाव. कशाची शांती? तिनं काय वाईट केलं माझं? मला भ्या वाटत न्हाई आता. एवढंच मनात ऱ्हातं की ती आली, एवढा येळ बसली, आन् मी घरी न्हवतो. म्हनून किराना, बाजार, बीडचं काय आसंल ते समदं मी सकाळीच उरकितो. दुपारचं कुठं जात न्हाई.