ओल्या वाफ्यात काय लावायचं

—नाही नाही, आत नंतर जा वन्सं, तुमचा भाऊ कुठे पळून जाणार आहे? पाय प्लास्टरमध्ये आहे. आधी मागे या, उजेड आहे तोवर वाफा बघून घ्या. चपला काढा, नाहीतर रुतून बसतील — बघितलंत? घोट्यापर्यंत! सगळ्या परसातली ही सखल जागा, घरातलं पाणी इथेच येऊन तुंबतं. तुम्ही आणलेले कंद पाहिले मी. कर्दळ आणि सोनटक्का, दोन्हींना ओल चालते, पण जागा एकालाच पुरेल. कर्दळीचं काही बघावं लागत नाही, तोडा, तुडवा, परत वर येते. सोनटक्क्याला वास आहे, आणि वास मला हवाय हो. पण तो नाजूक, एक लाथ बसली की संपला — नाही, आपलं असंच म्हणतेय.

मुळात इथे गुलाब होते. आठवतात ना, पिवळे? तेव्हा वाफा असा नव्हता. मग एक दिवस माझं चुकलं — चुकलं म्हणजे काय, गुलाबांना पाणी घालत बसले आणि शर्टाला इस्त्री करायची राहिली. तर याने — बघा, ‘हे’ म्हणायचं सुटलंच माझं परवापासून, राग मानू नका — तर याने हातोडा आणून मोरीचा पाइप फोडला आणि सगळं पाणी इकडे वळवलं. म्हणाला, घाल आता, हवं तेवढं पाणी घाल! साबणाचं, खरकटं, सगळं. गुलाब मुळापासून कुजले. ते उपटायलाही मलाच लावलं, नुसत्या हातांनी, काट्यांसकट. मी हात मागे घेतला की केसांना धरून परत वाकवायचा. हे नख बघा, अजून सरळ उगवत नाही.

परवा? पाय कसा मोडला ते सांगते की, लपवायचं काय त्यात. घसरला. मी इथे केळीचा कोंब लावत होते, ओल आहेच तर ओलीतलं काहीतरी लावावं म्हणून. चिखलातही हिची बाग चाललीय हे त्याला खपलं नाही, आला फावडं घेऊन धावत. कोंब तोडायला नव्हे वन्सं — कोंब खाली होता, फावडं माझ्या डोक्याच्या उंचीवर होतं! आणि स्वतःच केलेल्या चिखलात पाय गेला त्याचा. हा पालथा, फावडं माझ्या पायाशी. मग? मग मी उचललं. आता इतकं बोललेच आहे तर — घसरून नाही मोडला पाय. पहिला घाव रागात बसला, घोट्याच्या जरा वर. दुसरा मी नीट बघून घातला, त्याच जागी. वाळका बांबू मोडावा तसा आवाज आला आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तोंड चिखलात, उठता येईना त्याला, बुडबुडे यायला लागले. मी उताणा केला त्याला. केला हो! पण लगेच नाही केला. मानेवर पाय होता माझा. पलीकडच्या घरात कोणीतरी भांडी घासायला बसलं, तो आवाज कानावर आला, तेव्हा काढला. भांडी घासायला कोणी बसलंच नसतं तर? मला नाही माहीत. मलाच विचारू नका.

असं बघू नका माझ्याकडे. बरा झाला की काय करेल, तेच मनात आलं ना तुमच्या? मारेल. ह्या खेपेला जिवंत सोडणार नाही, अंथरुणातून सारखं तसं बोलूनही दाखवतो. म्हणून तर फावड्याला धार लावून घेतली, आता ते माझ्या खाटेखाली असतं. आधी कोण उठतं ते बघू. आणि कर्दळ नको, सोनटक्काच लावते. त्याला लाथ घालायची तर आधी माझ्याशी गाठ आहे.

ऐका, ओरडतोय. तुम्हालाच हाक मारतोय, जा. आणि तिकडे घरी सगळे विचारतील, तर पडला म्हणून सांगा — का? जीभ का अडखळते? तुम्हाला तर सवय आहे! मी मोरीत पडले, जिन्यावरून पडले, दारावर आपटले — माझा सुजलेला डोळा समोर असताना तुम्हीच सांगायचात ना येणाऱ्याजाणाऱ्याला, आमची वहिनी फार पडते म्हणून? इतकी वर्षं या घरात मीच पडले. आता तुमचा भाऊ पडला. जा म्हणते ना.