दीपकची दुसरी किल्ली

आबा, मनीषा, चेअरमनसाहेब, आणि इथं बसलेली सगळी आपली माणसं. मागं दाराशी उभे आहात ते आत या. गोदामात जागा आहे.

मला उठवलं खरं, पण बोलायचं कसं ते कळत नाही. तुम्ही मला ओळखता. मी हणमंत, पलूसच्या रस्त्यावरचा मोटर वायंडिंगवाला. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं कानानं शिकलो. रस्त्यानं जाताना विहिरीवरची मोटर ऐकून बेरिंग गेलंय का ते सांगतो. मोटर काय म्हणते ते मला कळतं. माणूस गेल्यावर काय म्हणायचं ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.

सुरुवातीला कुणीतरी सांगितलं, फोन बंद करा. मी सांगतो, चालू ठेवा. का, ते शेवटी सांगतो.

दीपक पुण्याची नोकरी घरून करायला लागला आणि गावी आला. आल्या आल्या माझ्या दुकानात उभा राहिला. म्हणाला, "काका, सोसायटीच्या पाणी योजनेचे व्हॉल्व्ह फोनवरनं उघडायचेत. प्रोग्रॅम मी लिहितो, पेटी तुम्ही करा." मी म्हणालो, "व्हॉल्व्ह उघडायला माणूस हाय की." तो म्हणाला, "माणसाशी भांडता येतंय काका. म्हणून तर रोज भांडणं हायत." मी पेटी केली. ती आजही पंपहाऊसच्या भिंतीवर आहे.

तेव्हापासून नदीचं पाणी कुणाच्या शेतात कधी जाणार ते त्याचा प्रोग्रॅम ठरवतो. पाळी आली की आपल्याला फोन येतो. "नमस्कार. तुमची पाळी सुरू झाली आहे." आवाज त्याचाच. त्यानं घरात बसून तो भरला. आबा त्याचे वडील, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आबांसाठी वेगळा भरला, मोठ्यानं आणि सावकाश. आबा विचारायचे, "माझ्यावर कशाला वरडतंय रं त्ये?"

त्याच्या धंद्यात एक रीत होती. ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली तरी वहीत नोंद होते. कोणी बदललं, कधी बदललं, आणि का बदललं. वही कागदाची नाही, कॉम्प्युटरातली. कोणी आणि कधी हे यंत्र आपणहून लिहितं. का, ते माणसानं लिहायचं. दीपकचा सगळा जीव त्या 'का'मध्ये.

एकदा मी चोरी केली. आता सांगायला हरकत नाही. चुलतभावाचा ऊस वाळायला लागला होता. मी पंपहाऊसमधून त्याची पाळी पुढं ओढली. पेटी माझीच, मला कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी दीपक आला. रागावला नाही. लॅपटॉप पुढं केला आणि म्हणाला, "का केलं ते लिहा, काका." मी एका बोटानं टाइप केलं: भावकीत भांडण नको म्हणून. त्यानं वाचलं आणि खूप हसला. म्हणाला, "माझ्या वहीत एवढी खरी नोंद दुसरी न्हाई."

मी विचारलं, "ही खोडता येती का रं?"

तो म्हणाला, "येती की. पण खोडलेलं पण दिसतंय. कोणी खोडलं, कवा खोडलं."

तेव्हा मी हसलो होतो. आता हे वाक्य आठवलं की हसू येत नाही.

हत्यारांबद्दल त्याची मतं पक्की होती. बाहेरची कंपनी आली होती, आठवतं? चकचकीत पेटी, झाकणाला सील, आत काय आहे ते विचारायचं नाही. दीपक ह्याच गोदामात उठला. म्हणाला, "ज्याचं झाकण उघडत न्हाई ते हत्यार न्हवं, तो पाव्हणा हाय. पाव्हण्याच्या मर्जीनं पाणी पाजणार का तुमी?" सरकारबद्दलही तेच म्हणणं. लोकांसाठी प्रोग्रॅम करून घेतला तर तो लोकांना वाचता यायला पाहिजे. कुणी म्हणालं, गावात वाचणार कोण? म्हणाला, "एक निघाला तरी बास. आज न्हाई, तर धा वर्सांनी."

हे सगळं आपल्याला पटलं. एकच पटलं नाही. तो म्हणायचा, एका माणसाच्या हातात किल्ली ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. माझ्या चोरीनंतर किल्लीशिवाय काहीच बदलता येणार नाही असं त्यानं केलं होतं, आणि ती किल्ली त्याच्या एकट्याकडं होती. पेनड्राइव्हसारखी बारीकशी. त्यानं दुसरी केली आणि मला द्यायला आणली. "मी नसलो तर?" म्हणाला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अभद्र बोलू नगंस." दुसऱ्यांदा आणली, तेव्हा मी उठून चहा सांगायला गेलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "तू हाईस की."

मी एकटाच नव्हतो. चेअरमनसाहेब, तुम्हालाही त्यानं विचारलं होतं. जिवंत माणसाच्या हातून त्याच्यामागची किल्ली घ्यायची म्हणजे त्याचं वाईट चिंतायचं, असं आपल्या हाडात बसलंय. म्हणून कुणी हात पुढं केला नाही. आणि सदतिसाव्या वर्षी, सांगलीहून घरी येऊन चपला काढता काढता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आपण नदीवर सावडायला गेलो. तिथं काय झालं ते तुम्ही जाणता, तरी सांगतो. राख अजून आबांच्या मुठीत होती. आबांच्या खिशात फोन वाजला. आबांनी सवयीनं उचलला. फोन स्पीकरवरच असतो. "नमस्कार, आबा. तुमची पाळी सुरू झाली आहे." मोठ्यानं. सावकाश. नदीच्या पाण्यावरून तो आवाज पलीकडं गेला आणि परत आला. बायका मागं सरकल्या. आबांनी सगळा निरोप ऐकला. फोन खिशात घातला. मग राख सोडली.

त्या दिवसापासून आबांनी फोन उचलला नाही.

गावानंही उचलायचं सोडलं. एकीनं फोन धान्याच्या कणगीत खुपसून ठेवला. एक जण म्हणाला, पाणी नको, पण तो आवाज नको. दीपकच्या नावानं वहीत रोज सकाळी नोंद पडते आहे हे कळलं, तेव्हा तर विचारूच नका. अहो, ती यंत्राची रोजची नोंद. ती त्यानं स्वतःच्या नावावर लावली होती. पण भ्यालेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. सोसायटीत ठरलं, ही पेटी काढायची आणि कंपनीची सीलबंद आणायची. मीही हात वर केला. किल्ली नाही, बदल करता येत नाही, दुसरं काय करणार?

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो.

दहाव्यानंतर माझी पाळी आपोआप बदलली. पाळ्यांच्या वेळा दर आठवड्याला फिरतात; ह्या आठवड्यात आबांची रात्री दोनची होती, माझी दुपारी बाराची. ती गेली रात्री दोनला. बदललं कोणी? बदलू शकणारा तर एकच होता. मी सकाळी मनीषाकडं गेलो. दीपकची बायको, शाळेत गणित शिकवते, तिला वही वाचता येते. वाचताच येते, बदलता येत नाही. तिनं लॅपटॉप उघडला. सगळ्यात वर एक नोंद होती. तिनं मोठ्यानं वाचली आणि मध्येच थांबली. मग परत पहिल्यापासून वाचली.

बदल करणारा: दीपक. तारीख: कालची. कारण: आबा फोन उचलत नाहीत. थकले असतील. त्यांची पाळी दिवसा घेतली. बदल्यात हणमंतकाका. ते नाही म्हणणार नाहीत.

मंडळी, भर सकाळची वेळ. बाहेर ऊन. घरात आम्ही दोघं आणि आतल्या खोलीत आबा. मनीषा मला म्हणाली, "काका, ह्यांना कसं कळलं?"

मी म्हणालो, "खालचं वाच."

मग ती खाली खाली वाचत गेली. तीन वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. आबांनी लागोपाठ तीन पाळ्या फोन उचलला नाही, तर यंत्रानं असं असं करायचं, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. कारणासकट. माझ्या नावासकट. म्हणजे भूत नाही. बापाच्या म्हातारपणाची आधीच केलेली तजवीज. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एखाद्यानं स्वतः नसताना काय होईल ते इतकं बरोबर पाहावं, आणि आपण त्याला म्हणावं, तू हाईस की.

त्याच्या थोडी वर, दोन वर्षांपूर्वीची, आधी नजरेतून सुटलेली आणखी एक नोंद होती. ती वाचायला मनीषाला वेळ लागला. कारण: दुसरी किल्ली हणमंतकाकांच्या पेटीत ठेवली. त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर काढून परत देतील. त्यांना ऐकू येईल.

त्यांना ऐकू येईल.

दोन वर्षं झाली. मोटर सुरू झाली की त्या पेटीत काहीतरी खुळखुळायचं. बारीक. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी तीनदा बोल्ट आवळले. पट्टी बदलली. दीपक शेजारी उभा असायचा. म्हणायचा, "वाजू द्या काका. वाजतंय म्हंजे हाय."

काल मी पंपहाऊसवर गेलो. मोटर लावली. डोळे मिटले. आवाज कुठनं येतोय ते कानानं धरलं आणि मागची पट्टी खोलली. सुतळीच्या तुकड्यानं बांधलेली किल्ली तारांच्या मागं लोंबत होती. थरथरत होती. मोटर बंद केली तरी थोडा वेळ हलत राहिली.

ही बघा. ही ती.

ती घेऊन मी थेट आबांकडं गेलो. आबा सुभेदार होऊन रिटायर झालेले. त्यांना समोर बसून सांगितलं, ओठ दिसतील असं. म्हणालो, "आबा, आता आवाज बदलता येतो. दुसऱ्या कुणाचा भरू. पेटी पण काढायला नको. तुमी सांगाल तसं."

आबांनी किल्ली हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "हणमंता, पलटणीत ड्यूटी सोडताना चार्ज द्यावा लागतोय. घेणारा सही करतोय, मग देणारा जातोय. माझ्या पोरानं चार्ज दिलावता. सही करणारं कुणी न्हवतं."

"आवं आबा, चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं न्हवं. भ्यालासा तुमी. मी बी भ्यालो. मला बी इचारलंवतं त्यानं."

आवाजाचं काय करायचं, ते आबांनी सांगितलं नाही. "बगू," एवढंच म्हणाले.

तर आबा, आता मी तुमच्याशी बोलतो. बाकीचे ऐका, नका ऐकू. मनीषा, माझं बोलणं त्यांच्या कानाशी सांग.

आबा, तुमच्यासाठी भरलेला निरोप मी काल परत परत ऐकला. मोटर ऐकतो तसा. "नमस्कार" म्हणायच्या आधी तिथं एक खोकला आहे. लांबून, दुसऱ्या खोलीतून. कुणाला ऐकू जाणार नाही असा. तो तुमचा आहे. पंचवीस वर्षं तुमच्या ओसरीवर बसतोय, मी तो खोकला ओळखतो. खोकला झाल्यावर दीपक थोडा थांबतो. तुम्हाला पाणी हवंय का, त्याचा अंदाज घेतोय तो. मग नमस्कार म्हणतो. त्या निरोपात तो एकटा नाही आबा. तुम्ही दोघं आहात. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी सांगितलं. पुढं तुमची मर्जी.

चेअरमनसाहेब, माझा वर केलेला हात मी खाली घेतो. पेटी काढू नका. मी चार्ज घेतो. काल घेतला. वहीत माझ्या नावानं नोंद केली. कारण लिहिलं: त्यानं तीनदा विचारलं होतं. ही नोंद खोडली तरी दिसेल, तेव्हा मला आता माघार नाही. आणि मी साठीच्या पुढचा आहे. मी नसलो तर? अभद्र म्हणू नका. माझ्या तोंडावर हात ठेवू नका. ह्या किल्लीच्या आणखी दोन करायच्या आहेत. मला दोन माणसं पाहिजेत. आत्ता नावं विचारत नाही. जाताना माझ्यापाशी येऊन हात पुढं करा, एवढंच.

आता घड्याळ बघा. बाराला थोडी मिनिटं आहेत. माझी बाराची पाळी आता आबांची झाली आहे. हे त्यानं ठरवलंय आणि मी नाही म्हटलेलं नाही. बारा वाजता ह्या गोदामात एकच फोन वाजेल. तोवर आपण उभं राहू. कुणी बोलायचं नाही. कुणी बाहेर जायचं नाही. वाजल्यावर घाबरायचं नाही.

आबा उचलतील, नाहीतर नाही. त्यांना कुणी काही सांगायचं नाही. उचलला, तर नमस्कारच्या आधी कान द्या.

दीपक, बाळा, तुला ऐकायला आम्ही उभे आहोत.