पाठपोट नको

जतच्या झेरॉक्सच्या दुकानात बिराप्पातात्या माझ्या पुढंच उभे होते. बिरोबाच्या जत्रेची पत्रिका त्यांनी दुकानवाल्या सोनियाच्या मोबाईलवर पाठवली होती.

"पीडीएफची दोन्ही पानं कागदाच्या एकाच बाजूला घे."

"पाठपोट काढते की, तात्या."

"किती येळा सांगू? मागल्या बाजूला नाव आलं म्हणून गेल्या साली अख्खी एक भावकी जत्रंला आली न्हाई."

"आवं, अक्षर मुंगीएवढं हुतंय."

"हू दे. ज्याचं त्याला आपलं नाव बराबर दिसतंय."

"न्हाई दिसत. मजकूर कमी करायला लागंल. कुणाची नावं काढू?"

"गावात ऱ्हाऊ देतीस का न्हाई मला? नाव एकबी काढायचं न्हाई."

"मग काय काढू?"

"जत्रंची तारीख काढ. ती समद्यास्नी म्हाईत हाय."